नळीचं खालचं टोक

सोमवार, ३ मार्च

सकाळी बाबांना घेऊन कानाच्या मशीनच्या दुकानात निघाले होते. बॅटऱ्या संपल्या होत्या. चौकात सिग्नल लागला. चौदा वर्षं मी लोकांना गाडी शिकवते, पण शेजारी सासरे बसले की सिग्नल आधी त्यांनाच दिसतो. "हिरवा झाला, मास्तरीणबाई," म्हणत ते माझ्याकडे वळले आणि समोरचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं. डोळ्यांतलं पांढरं सगळं पिवळं झालेलं. पिकल्या लिंबासारखं.

मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मी बघतच राहिले.

"काय बघतेस? जा की."

बॅटऱ्या राहिल्या. गाडी थेट आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे नेली. बाबांना ऐकू जावं म्हणून त्या त्यांच्या कानाशी ओरडून विचारत होत्या, त्यामुळे बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळलं की आमच्या बाबांना आठ दिवस कडक चहाच्या रंगाची लघवी होते, अंगाला खाज सुटते आणि पँट ढिली झालीये.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

"पोटात दुखतं का?" डॉक्टर.

"अजिबात नाही!" बाबा अभिमानाने म्हणाले.

मला बरं वाटलं. डॉक्टरांना का कोण जाणे, ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. उद्या सोनोग्राफी.

मंगळवार, ४ मार्च

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी बाबांना या कुशीवर, त्या कुशीवर, बसवून, श्वास भरून, सगळं करून पाहिलं. मग मला एकटीला बोलावलं. पित्ताशयात खडे आहेत. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी फुगलीये, म्हणजे खाली कुठेतरी अडलंय. पण नेमकं नळीचं खालचं टोक दिसत नाही, वर आतड्यातली हवा आडवी आलीये.

"म्हणजे खडाच अडकला असेल ना?"

"असू शकतो." मग म्हणाले, "पण चौऱ्याहत्तर वय, न दुखता कावीळ, वजन उतरलेलं. तिथे गाठही असू शकते. ते बघितल्याशिवाय काही म्हणता येणार नाही."

मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. हा शाळेत भूगोल शिकवतो, मधली सुट्टी होती. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. कॅन्सर हा शब्दही मीच उच्चारला, तो काही उच्चारणार नव्हता. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. बाबा समोरच्या बाकावर बसून माझ्याकडेच बघत होते. नशीब, कानात मशीन नव्हतं.

संध्याकाळी नणंदेचा फोन. तिघांनी मिळून ठरवलं, बाबांना काही सांगायचं नाही. साधी कावीळ आहे, तपासण्या चालू आहेत, एवढंच. नणंद म्हणाली, "दादाला सांभाळ, त्याचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक आहे." मी म्हटलं, मी आहे ना, माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळत नाही. घाटात ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर दाबणाऱ्या लोकांशेजारी बसून मी गप्पा मारलेल्या आहेत.

एक गोष्ट लिहायची की नाही, विचार करत होते. पण डायरीत खोटं कशाला. फोन ठेवल्यावर एक क्षण माझ्या डोक्यात आलं, की बाबांची खोली मोठी आहे, उजेडाची आहे, तिथे शिकाऊंचे लेखी परीक्षेचे वर्ग घेता येतील. एकच क्षण. पण आला. मी कसली बाई आहे!

गुरुवार, ६ मार्च

पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण आहेत, बोलताना कागदावर चित्रं काढतात. एक झाड काढलं. वर फांद्या यकृतातल्या, मध्ये खोड, खोडाला बाजूने लोंबणारी पिशवी म्हणजे पित्ताशय, आणि बुंधा जाऊन आतड्यात रुतलेला. "मला हा बुंधा बघायचाय," म्हणाले. त्यासाठी एमआरआयच्या मशीनवर एक खास तपासणी करतात, एमआरसीपी. नळीत काही घालायचं नाही. साठलेलं पित्तच त्या फोटोत पांढरं उजळतं, आणि त्यात खडा असला तर काळा दिसतो.

"मग थेट दुर्बीणच घाला ना तोंडातून," हा म्हणाला. याने इंटरनेटवर वाचलं होतं.

"घालू, गरज पडली तर. पण त्यात थोडी जोखीम असते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आधी नकाशा बघू, मग रस्त्यावर उतरू."

नकाशा म्हटल्यावर भूगोलाच्या मास्तरांचं समाधान झालं.

मग फॉर्म. पेसमेकर आहे का, अंगात कुठे स्क्रू, पट्टी आहे का. नाही, नाही, नाही. धातूचं काम केलंय का कधी?

बाबा हसले. "एकेचाळीस वर्षं. लेथवर."

"डोळ्यात कधी कण गेला होता?"

"डावा. कंपनीच्या डॉक्टरने काढला."

"सगळा निघाला होता?"

"डोळा आहे ना अजून जागेवर!"

पण तसं चालत नाही म्हणे. ते मशीन म्हणजे प्रचंड लोहचुंबक. लोखंडाचा बारीकसा कण डोळ्यात राहिला असेल तर तो आतल्या आत हलेल. आधी डोळ्यांचा एक्स-रे. म्हणजे पोट बघायचं तर आधी डोळे बघा. माझा जीव टांगणीला आणि यांचं एकेक.

घरी आल्यावर बाबांनी मला गच्चीवर बोलावलं. टाकीचा कुठला व्हॉल्व्ह आपल्या मजल्याचा, कुठला खालच्यांचा, कुठला अर्धाच फिरवायचा, हे समजावून सांगायला लागले. मला पाच वाजताची शिकाऊ होती. "बाबा, हे आजच हवंय का?" "आजच," म्हणाले आणि दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. उशीर झाला. चिडचिड झाली.

शुक्रवार, ७ मार्च

एक्स-रे स्वच्छ. डोळ्यात लोखंड नाही. सोमवारची वेळ मिळाली. बाबांच्या कानात नव्या बॅटऱ्या घातल्या.

बाबांनी दिवसभर मीटरच्या पेटीतल्या प्रत्येक बटणाखाली पांढरी पट्टी चिकटवून नावं लिहिली. स्वयंपाकघर, न्हाणी, मधली खोली. एवढ्या वर्षांत कधी नाही. माझा टेस्टर पण नेला आणि परत दिला नाही.

शनिवार, ८ मार्च

खाजेने बाबांची पाठ सोलून निघालीये. दुपारी मलम लावलं. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला माझा हात पहिल्यांदाच लागला. दोघंही भिंतीकडे बघत होतो.

नंतर त्यांनी नवऱ्याला त्यांचा मायक्रोमीटर दिला, लेथवर केसाएवढी जाडी मोजायचा. कापडात गुंडाळलेला, पेटीसकट. याला स्क्रू डावीकडे फिरवायचा की उजवीकडे ते कळत नाही, हा मायक्रोमीटरचं काय करणार? बाबांना एकदा का आवराआवरीचं खूळ लागलं की लागलं.

सोमवार, १० मार्च

वाया गेला दिवस.

सकाळपासून उपाशी. तिथे गेल्यावर मशीनवरच्या बाईंनी अननसाचा रस प्यायला दिला. जठरातलं पाणी फोटोत चमकू नये म्हणून देतात. बाबांनी एक ग्लास संपवून दुसरा मागितला. बाई म्हणाल्या, "आजोबा, हे औषध आहे, पार्टी नाही."

मग खरी अडचण. कानातली मशीन बाहेर काढून ठेवावी लागतात. बाई काचेपलीकडून माइकवर सांगतात, श्वास सोडा, धरा, आता घ्या. बाबांना मशीनशिवाय ढिम्म ऐकू येत नाही, आणि बोगद्यात डोकं घातल्यावर कोणी दिसतही नाही. बाई सांगतायत धरा, हे आपले संथपणे घेतायत, सोडतायत. अर्धा तास खटाटोप करून बाईंनी हात टेकले.

पोटाच्या डॉक्टरांनी संध्याकाळी फोटो पाहिले. फांद्या दिसतायत, खोड दिसतंय, पण बुंधा हललाय. चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोसारखा. "खाली काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय. पण खडा की दुसरं काही, यावरून मी सांगणार नाही. पुन्हा करू."

तुटल्यासारखं. हा शब्द संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. नवरा जेवला नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

बाबांना तपासणीचं रक्त द्यायला घेऊन गेले होते. परत येताना म्हणाले, "गाडी बाजूला घे." मैदानाशेजारी घेतली. म्हणाले, "इंजिन बंद कर." केलं.

"गाठ असली तर किती दिवस?"

मी स्टिअरिंग धरून बसले. जो काय माझा निर्विकार चेहरा होता, तो कुठे गेला कोण जाणे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी? कधी?"

"सोनोग्राफीच्या बाहेर. फोनवर." आणि माझ्या तोंडाकडे बोट केलं. "चाळीस लेथ एकदम चालायचे. तिथे कोणाचं कोणाला ऐकू यायचं? ओठ बघूनच बोलायचो. तू तर शिकवणारी, शब्दन् शब्द सुटा बोलतेस."

म्हणजे आठ दिवस आम्ही त्यांच्यासमोर बसून कुजबुजत होतो आणि बाबा सगळं वाचत होते. फोडणी टाकताना मी नणंदेला काय काय बोलले ते आठवून कानशिलं गरम झाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढं मेहनतीने लपवताय, कशाला मोडता घालू?" मग म्हणाले, "पोराला सांगू नको मला कळलंय ते. तो रडेल, मग मला त्याची समजूत काढावी लागेल. तुझ्याशी बोलता येतं. तू नजर चोरत नाहीस."

मी नेमकी तेव्हाच मैदानाकडे बघत होते.

मी म्हटलं, "बाबा, मला खरंच माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. ते टोक दिसल्याशिवाय कोणालाच नाही."

"मग दाखवू या की टोक. मी श्वास धरायला तयार आहे, पण धर कधी म्हणायचं ते मला कळलं पाहिजे. आमच्यात नवा माणूस मशीनवर आला की जुना मागे उभा राहायचा. पाठीवर थाप पडली की थांबायचं. तू ये आत. माझे पाय बाहेरच असतात."

मी तिथूनच मशीनवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगात धातू नसेल तर चालेल. उद्या दुपारी या."

संध्याकाळी सोफ्यावर तालीम. नडगीवर दोन टिचक्या म्हणजे श्वास सोडून थांबायचं. तळवा टेकवला की घ्यायचा. बाबा आडवे, मी पायाशी, हा दारात हात वर करून मशीनवाल्या बाईंच्या भूमिकेत. शिवाय हा तोंडाने मशीनचा आवाजही काढत होता. म्हटलं, अरे, ज्यांच्यासाठी काढतोयस त्यांची मशीन काढून ठेवलीयेत. म्हणाला, वातावरण नको का! बाबांना याचे फुगलेले गाल तेवढे दिसले, आणि इतके हसले की धरलेला श्वास सुटला. आम्ही तिघं एकदम शेवटचं कधी हसलो होतो, आठवत नाही.

वीस आकडे धरतात. मी मोजले.

बुधवार, १२ मार्च

खडा आहे! खडा आहे! खडा आहे!

आता क्रमाने. केसांतल्या अकरा पिना, बांगड्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर काढलं. कानात बोळे घातले तरी ते मशीन छातीत धडधडतं. बाबा आत, फक्त गुडघ्यापासून खालचे बाहेर. पातळ झालेत पाय. मी काचेकडे बघत उभी. बाईंचा हात वर, माझ्या दोन टिचक्या, आणि बाबांचं पोट खाली जाऊन थांबलं. ठक्क थांबलं. मी मनात मोजत होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझाही श्वास बंद आहे. बाईंचा हात खाली, माझा तळवा, दोघांनी श्वास घेतला. असं नऊ वेळा. एकदाही चूक नाही. शेवटच्या वेळी बाईंनी काचेतून अंगठा दाखवला. मी बाबांच्या नडगीवर तळवा ठेवला तो तसाच राहिला, टेबल बाहेर येईपर्यंत.

"कसं झालं?" बाबा मोठ्याने ओरडले.

मी ओठांनी म्हटलं, झकास.

चार वाजता पोटाच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत घेतलं. पडद्यावर तेच झाड. काळ्यावर पांढरं, अगदी रेखीव. खोड सुजलेलं, आणि बुंध्यात, अगदी तळाशी, एक काळा गोल ठिपका. त्याच्या वरच्या बाजूने पित्ताची पांढरी कोर, नखासारखी.

"ही कोर बघा. खड्याला वळसा घालून पित्त आलंय. गाठ असती तर नळी अशी संपली नसती. आणि ही दुसरी बारीक रेघ, स्वादुपिंडाची नळी. ती फुगलेली नाही. आजूबाजूलाही काही वेडंवाकडं दिसत नाही. नऊ मिलिमीटरचा खडा आहे."

हा म्हणाला, "नक्की?"

"अगदी शंभर टक्के मी दुर्बिणीने काढून हातात दिल्यावरच म्हणेन. पण आज तुम्ही जेवा."

हा रडायला लागला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, साधी कावीळच होती ना? मग रडतोस काय वेड्यासारखा?" असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेनकडे पाहिलं.

पिना तिथेच विसरल्या. सगळ्या अकरा.

शुक्रवार, १४ मार्च

दुर्बीण झाली. बाबांची कवळी माझ्या पर्समध्ये रुमालात, आणि आम्ही दोघं बाहेर. चाळीस मिनिटं. हा सारखा उठून दाराच्या गोल काचेतून बघायचा, तिथून फक्त दुसरं दार दिसायचं.

डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. नळीच्या तोंडाशी छोटा छेद घेतला, फुगा वर नेला आणि ओढून खडा आतड्यात पाडला. मागे साठलेलं पित्त भसाभसा आलं. नळी आता मोकळी आहे, तळापर्यंत स्वच्छ दिसली. गाठबीठ काही नाही. "आता म्हणतो शंभर टक्के," म्हणाले.

पित्ताशयात अजून खडे आहेत, त्यामुळे पंधरा दिवसांत ते पित्ताशयच काढायचं. म्हणजे अजून एक दिव्य आहे. पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. खडे म्हणजे आता घरचेच.

बाबांनी शुद्धीवर आल्यावर पहिली खूण केली ती कवळीची.

शनिवार, १५ मार्च

पोट दुखलं नाही, ताप नाही, स्वादुपिंडाचं रक्त ठीक. सकाळी पाणी, दुपारी सूप. खाज निम्म्याने कमी, लघवीचा चहाचा रंगही गेला. कावीळ निम्म्याखाली आलीये.

दुपारी याने वॉर्डच्या मधोमध उभं राहून नणंदेला फोनवर सांगितलं, "अगं, पाण्यासारखी झाली! एकदम पाण्यासारखी!" शेजारच्या खाटेवरच्या आजींनी हात जोडले. त्यांना वाटलं काय, देव जाणे.

मी घरी येऊन बाबांच्या खोलीची चादर बदलली. मग उगाच थोडा वेळ तिथे बसले. चांगला उजेड येतो. त्यांनाच असू दे.

रविवार, १६ मार्च

अकराला सोडलं. याला पुढे घरी पाठवलं, पेज टाकायला. बाबांना मी घेऊन निघाले. पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. "डॉक्टर पोरगा हुशार आहे, पण अक्षर फारच..." एवढं बोलले आणि वाक्य अर्धवट टाकून झोपले. तोंड उघडं, मान खिडकीला. तीन आठवडे खाजेने त्यांना सलग तासभर झोपू दिलं नव्हतं.

फाटकाशी येऊन इंजिन बंद केलं, तर लगेच पापण्या हलल्या. कानात मशीन नव्हतं, पण इंजिन थांबलेलं अंगाला कळतं. मी पटकन परत चालू केलं. पापण्या स्थिर. म्हटलं एक चक्कर मारावी. शाळेकडून, पेट्रोलपंपावरून, गोल फिरून पुन्हा फाटक. अजून गाढ.

फोन आला. "कुठे आहात? पेज गार होतेय."

"इथेच आहोत."

"इथेच म्हणजे कुठे?"

"खाली बघ."

हा धावत फाटकाशी आला. आमची गाडी समोरून निघून गेली. याने दोन्ही हात हलवले, रिक्षा चुकलेल्या माणसासारखे. दुसऱ्या फेरीला मी तोंडावर बोट ठेवून बाबांकडे खूण केली. तिसऱ्या फेरीला हा पायरीवर पाय पसरून बसला होता, हातात पेजेचा वाडगा, आणि स्वतःच खात होता.

किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. दुसऱ्या गिअरवर, खड्डे चुकवत, वळणावर अगदी हळू. इतकी चांगली गाडी मी परीक्षेतही चालवली नव्हती.

पेट्रोलपंपाशी बाबांनी एक डोळा उघडला. रस्ता पाहिला, मला पाहिलं.

"रस्ता चुकलीस काय?"

"हो," मी ओठांनी म्हटलं.

"वाटलंच मला," म्हणाले आणि डोळा मिटला. मी पुढच्या कोपऱ्यावरून गाडी पुन्हा शाळेकडे वळवली.